गेटबाहेर बिघडणारं यंत्र

"चोर मला सापडलाय," सेउ अमादेउ दारातूनच म्हणाले. "तुम्ही फक्त पुरावा शोधून द्या."

दोना ऑन्दिना विलेलांनी त्यांना खुर्ची दाखवली आणि कॉफी गाळत राहिल्या. चोर आधी ठरवून पुरावा नंतर मागणारी माणसं त्यांनी सव्वीस वर्षांत ढिगाने पाहिली होती. त्या सरकारी रेडिओ खात्यात होत्या, रेडिओ तरंगांमधला गोंधळ शोधायच्या. पाद्रीबाबांच्या माइकमधून टॅक्सीवाल्यांच्या शिव्या का ऐकू येतात, अमक्या गल्लीतले टीव्ही रोज सहालाच का खरखरतात, असली कामं. निवृत्त झाल्यावर लोक आपापली भानगड घेऊन थेट घरीच यायला लागले. खात्याची गाडी चालवणारा त्यांचा धाकटा दीर नेलितो आता त्यांची गाडी चालवतो. माणूस सोन्यासारखा, पण डोकं दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही आणि पोट कायम चौथ्यात.

सेउ अमादेउ लाजेस ('सेउ' म्हणजे आमच्याकडचं 'राव', 'दोना' म्हणजे 'बाई') हे नदीकाठच्या उपकरणांच्या कारखान्याचे मालक. सत्तरीचा, ताठ, कडक इस्त्रीचा माणूस. त्यांनी कॉफीला हातही न लावता सगळं सांगितलं.

कारखान्याने एक नवं यंत्र बनवलं होतं. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाच्या पाळण्याशेजारी ते ठेवायचं. ते बाळाचा श्वास मोजतं आणि श्वास थांबला की ओरडतं. विकायला काढण्याआधी त्याला प्रयोगशाळेत परीक्षा द्यावी लागते. तिथे त्याच्यावर जोरदार रेडिओ तरंग सोडतात आणि ते गोंधळतं का बघतात. यंत्र दोनदा नापास झालं होतं. समोर निर्जीव बाहुली ठेवलेली, आणि यंत्र मिनिटाला चाळीस श्वास मोजत होतं.

"म्हणजे मेलेल्या बाळाला जिवंत म्हणत होतं," दोना ऑन्दिना म्हणाल्या.

सेउ अमादेउ म्हणाले, "कारखान्यात ते उत्तम चालतं. गेटबाहेर गेलं की बिघडतं. ते बनवलंय एका पोरीने, जसिरा ब्रांदाँवने. पलीकडच्या कंपनीने तिला नोकरी देऊ केल्याचं पत्र तिच्या खणात सापडलं. आता तुम्हीच जोडा."

उद्या, शुक्रवारी, तिसरी आणि शेवटची परीक्षा होती. पुन्हा नापास झालं तर जसिराची नोकरी जाणार होती आणि मुद्दाम यंत्र बिघडवल्याची तक्रार अभियंत्यांच्या मंडळाकडे जाणार होती. आमच्या सांता रिता गावात दर तिसऱ्या घरातलं कुणी ना कुणी सर्किटं जोडतं. असला डाग लागलेल्या मुलीला इथे कुणी दारात उभं करत नाही. कारखान्यात कुजबुज सुरू होऊन एकोणीस दिवस झाले होते.

"आणि ते नोकरीचं पत्र उघडलेलं होतं?" दोना ऑन्दिनांनी विचारलं.

"नाही. पाकीट बंद होतं. आम्ही उघडलं."

दोना ऑन्दिना उठल्या. "भावजी, गाडी काढा."

मालकांची खोली वरच्या मजल्यावर होती. लोक जिथे संताची तसबीर लावतात, तिथे यांनी गंजून लाल झालेलं एक झाकण टांगलं होतं. बावीस वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या एका इस्पितळाने अख्खा माल परत पाठवला होता, कडा गंजल्या म्हणून. त्या दिवसापासून माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय इथून काहीही जात नाही, असं सेउ अमादेउ म्हणाले. बाजूला त्यांच्या वडिलांचा फोटो होता, एका हातात नुकतीच चमकवलेली गिटार, दुसऱ्यात ब्रश. गिटार बनवणाऱ्याचा मुलगा कारखानदार झाला, याचा त्यांना अभिमान होता आणि ते तो लपवतही नव्हते.

नेलितोने नाक वर करून हुंगलं. "इथे केळी पिकत घातलीत का हो?"

"या खोलीत खायचं काही येत नाही," सेउ अमादेउ तुटकपणे म्हणाले.

कोपऱ्यात बांधलेलं खोकं होतं. उद्या जाणारं नवं यंत्र त्यात होतं. दोना ऑन्दिनांनी ते बघायला मागितलं, तर मालक आडवे आले. त्यावर काल सही झाली होती. प्रत्येक यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ते स्वतःच्या हाताने नाव आणि तारीख घालतात, आणि सही झालेलं यंत्र या कारखान्यात पुन्हा उघडत नाहीत. तशी इथली रीतच आहे.

दोना ऑन्दिनांनी वाद घातला नाही. त्या खाली गेल्या.

जसिरा तिशीची असेल. टेबलावर तीच एकटी होती, बाकीच्यांनी आपापली स्टुलं दूर नेली होती. तिने दोन यंत्रं दाखवली. एक तिने अगदी सुरुवातीला बनवलेलं, ओबडधोबड, सगळीकडे ओरखडे. दुसरं दोनदा परीक्षेला जाऊन परत आलेलं.

"हे पहिलं कधीच गोंधळत नाही," ती म्हणाली. "आणि हे दुसरं, दोन्ही वेळा परत आलं तेव्हा पहिल्या दिवशी खरंच बिघडलेलं होतं. मी उघडते, सगळं तपासते, काही सापडत नाही. सात-आठदा उघडझाक केली की आपोआप नीट होतं. मी काहीच बदललेलं नसतं. हे कुणाला सांगू? मलाच वेड्यात काढतील."

"आत बघताना झाकणाची कड पाहिलीस?"

"पाहिली ना. रंगवणाऱ्याला मी ती कोरी सोडायला सांगितलीय. कोरीच आहे, चकचकीत."

दोना ऑन्दिनांनी दुसऱ्या यंत्राचं झाकण काढलं. आतल्या बाजूला मालकांची वळणदार सही होती, खाली दोन तारखा. पहिल्या यंत्रावर सही नव्हती. ते कधी गेटबाहेर गेलंच नव्हतं.

मग दोना नाइर. तारा जोडणाऱ्या बायकांची प्रमुख, लालभडक नखं, तोंडाने फटकळ. जसिरावर तिचा राग होता, आणि तो तिने लपवला नाही. तारेभोवतीची धातूची जाळी ती वर्षानुवर्षं पिळून छान वेणी घालून जोडायची. या पोरीने ती सगळी कामं परत पाठवली. वेणी नको म्हणे, जाळी चहूबाजूंनी कड्यात आवळा.

"आणि तुम्ही आवळलीत?"

"आवळली. तिची शेंडी माझ्या हातात असती तर तीही आवळली असती. पण कामात खोट ठेवणारी मी नाही, तुम्ही बघा."

दोना ऑन्दिनांनी बघितलं. काम चोख होतं.

शेवटी क्लोविस. माल पोचवणारा, गुबगुबीत, घाबरट. प्रयोगशाळेकडे जाताना वाटेत बहिणीकडे मक्याचा केक खायला थांबतो, हे त्याने विचारायच्या आधीच कबूल केलं. गाडी अर्धा तास अंगणात उभी असते. पण खोक्यावर चिकटवलेली पट्टी दोन्ही वेळा शाबूत होती आणि प्रयोगशाळेच्या पावतीवर तशी नोंद होती.

तिघांनाही दोना ऑन्दिनांनी एकच प्रश्न विचारला. जसिराने झाकण लावल्यानंतर खोक्यात जाईपर्यंत यंत्राला कोण हात लावतं? तिघांचंही उत्तर तेच होतं. कुणीही नाही. वर जातं, सही होते, बांधलं जातं.

जिन्यात नेलितोने त्यांना गाठलं. तो फुलून गेला होता. "वहिनी, मला कळलं. त्या परत आलेल्या यंत्रालाही केळ्यासारखा वास येतो. मी दोना नाइरच्या हाताशी वाकलो होतो, त्या नखांच्या रंगालाही तोच वास. तिने कायतरी लावलंय."

"वाकलात कशाला?"

"तपासाला."

"भावजी, अर्धं तुम्ही बरोबर सांगितलंत," दोना ऑन्दिना म्हणाल्या. "आता खाली जाऊन कँटीनमधून कॉफीचे दोन चमचे आणा. आणि वॉचमनची वॉकीटॉकी."

तीन वाजता सगळे मालकांच्या खोलीत जमले. सेउ अमादेउ खुर्चीत बसले नाहीत. जसिरा दाराला टेकून उभी होती, हात घट्ट बांधून. दोना ऑन्दिनांनी खोक्याची पट्टी सरळ फाडली.

"ते उघडायचं नसतं," सेउ अमादेउ म्हणाले.

"मग मला कशाला बोलावलंत?"

त्यांनी नवं यंत्र चालू केलं. समोर बाळ नव्हतं, पडद्यावर शून्य. नेलितोने वॉकीटॉकी जवळ धरून बटण दाबलं. शून्याचे छत्तीस झाले, मग एकेचाळीस. क्लोविसने छातीवर क्रूसाची खूण केली. जसिराच्या ओरखडलेल्या यंत्राजवळ तीच वॉकीटॉकी धरली, तर शून्य जागचं हललं नाही.

"हे यंत्र अजून गेटबाहेर पडलेलंही नाही," दोना ऑन्दिना म्हणाल्या. "म्हणजे क्लोविस सुटला. त्याची बहीणही सुटली. परवा जसिराने हेच यंत्र खाली तपासलं तेव्हा ते बरोबर होतं, तपासणीच्या कागदावर दोना नाइरचीही साक्ष आहे, आणि दोना नाइर जसिराच्या बाजूने खोटं बोलणार नाहीत."

"मेले तरी नाही," दोना नाइर म्हणाल्या.

"मग बिघडलं खाली नाही आणि रस्त्यावरही नाही. इथे, या खोलीत बिघडलं."

दोना ऑन्दिनांनी बरोबर आणलेल्या मीटरच्या दोन तारा दोन चमच्यांना बांधल्या. वीज आरपार गेली की मीटर शिटी वाजवतो. त्यांनी ओबडधोबड यंत्राच्या झाकणाच्या कडेवर चमचे पालथे टेकवले. शिटी वाजली. परत आलेल्या यंत्राच्या कडेवर जिथे ओरखडे होते तिथेच वाजली, बाकी ठिकाणी नाही. मग नव्या यंत्राचे चार स्क्रू काढून त्याच्या चकचकीत, कोऱ्या दिसणाऱ्या कडेवर चमचे फिरवले. सगळीकडे सामसूम.

जसिरा दारापासून पुढे आली. तिने कडेला बोट लावलं, मग नखाने खरवडलं. पातळ, काचेसारखा एक पापुद्रा निघाला.

"लॅकर," ती हळूच म्हणाली. "बिनरंगाचं लॅकर, वार्निशासारखं."

"पेटीचं झाकण धातूला धातू भिडून बसलं, तरच ते कवच होतं," दोना ऑन्दिना म्हणाल्या. "मध्ये एवढीशी साय आली तरी दोन स्क्रूंच्या मधली फट उघडी राहते. पाणी आत शिरायला फट रुंद लागते. तरंगांना ती लांब असली की पुरे, केसाएवढी अरुंद असली तरी. जसिरा पुन्हा पुन्हा झाकण उघडायची तेव्हा लॅकर घासून निघायचं, धातू भिडायचा, यंत्र आपोआप नीट व्हायचं. मग ते पुन्हा सहीसाठी वर यायचं. आणि सही करणाऱ्या माणसाला कडेवरचे ओरखडे बघवायचे नाहीत."

नेलितो हुंगायला पुढे झाला, तसं दोना ऑन्दिनांनी झाकण त्याच्या नाकाखाली धरलं.

"या लॅकरला पिकल्या केळ्याचा वास असतो. नखांच्या रंगालाही असतो, म्हणून भावजी दोना नाइरच्या मागे लागले. पण दोना नाइरच्या टेबलाला केळ्याचा वास नव्हता, या खोलीला होता. समुद्रकाठचा माल गंजून परत आला, त्याला बावीस वर्षं झाली. वडील गिटारींना चमक द्यायचे, ती कला घरातच होती. मी तिघांना विचारलं, यंत्राला कोण हात लावतं, तर तिघं म्हणाले कुणीही नाही. कुणी खोटं बोललं नाही. मालकाचा हात या कारखान्यात कुणी हात म्हणून मोजत नाही, एवढंच."

सेउ अमादेउंनी टेबलाचा खण ओढला. आत छोटी बाटली होती आणि बारीक केसांचा ब्रश. त्यांनी दोन्ही टेबलावर ठेवलं.

"बावीस वर्षं लावतोय," ते म्हणाले. "कधी काही झालं नाही."

"जुन्या यंत्रांचं सर्किट जाड कातडीचं होतं आणि त्यांना ही परीक्षाही नव्हती," दोना ऑन्दिना म्हणाल्या. "हे नवं हळवं आहे. बाळाचा श्वास ऐकायचा तर हळवंच लागतं."

"मी तर... चांगल्यासाठीच." त्यांनी जसिराकडे पाहिलं, पण लगेच नजर खाली घातली. "उद्या पास होऊ दे. मग मी सगळ्यांना बोलावून सांगतो. पद्धतशीर."

जसिराचा चेहरा लाल झाला. इतक्या दिवसांत ती कुणावर ओरडली नव्हती, आताही ओरडली नाही, पण आवाज चिरला.

"उद्या नाही, सेउ अमादेउ. आज. पास झालं म्हणून मी चांगली, असं मला नकोय. उद्या ते पुन्हा नापास झालं तरी मी चोर नाही. माझ्या खणाला तुम्ही सगळ्यांसमोर हात घातलात. आता सगळ्यांसमोरच सांगा."

सेउ अमादेउंना भाषण कधी जमलं नव्हतं. नाताळच्या जेवणालाही ते फक्त ग्लास उंचवायचे. तरी ते जिना उतरून खाली गेले, आणि बाकी सगळे त्यांच्या मागे. यंत्रं बंद करायला सांगावी लागली नाहीत. त्यांना खाली उतरलेलं पाहून हात आपोआप थांबले.

"यंत्र मी बिघडवत होतो," ते म्हणाले. मागच्या रांगेतल्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाले. "मी. माझ्या हाताने. जसिराने काहीही केलं नाही. मी तिचा खण उघडला, तिचं पत्र फोडलं, आणि तुम्ही तिच्याशी बोलणं टाकलंत ते माझ्यामुळे. मला लाज वाटते."

दोना नाइर नाक पुसत म्हणाल्या की वेणीचा राग मात्र अजून आहेच. जसिराला हसू आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली.

त्या संध्याकाळी तिने नव्या यंत्राची कड घासून साफ केली, लॅकरऐवजी गंज न धरणाऱ्या धातूचा मुलामा सुचवणारा कागद लिहिला, आणि मालकांना सांगितलं की उद्या यंत्र तुम्ही न्या, मी येणार नाही. पलीकडच्या कंपनीच्या पत्राचं काय करणार, ते तिने सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारायचं धाडस केलं नाही.

शुक्रवारी सकाळी सव्वाआठला सेउ अमादेउंनी प्रयोगशाळेतून तिच्या घरी फोन लावला. यंत्र पहिल्याच फेरीत पास झालं होतं. फोन तिच्या आईने उचलला. ती हळू आवाजात म्हणाली की पोर झोपलीय, एकोणीस दिवसांनी आज पहिल्यांदा तिला झोप लागलीय, आणि यासाठी मी तिला उठवणार नाही.