संयमांक एकतीस

"एकतीस?" डॉ. हर्षला ठोंबरे पडद्याकडे बघतच राहिल्या.

छप्पन्न वर्षांच्या पुष्पलता खरात अकरा वर्षं चंद्रावरच्या सोमनगर वसाहतीत हवाशुद्धीचं काम बघत होत्या. सुट्टीवर पृथ्वीवर आल्या होत्या. परत जाण्याआधी नियमाप्रमाणे प्रयोगशाळेतल्या मेंदूछायकाच्या खुर्चीत बसल्या. हे यंत्र मेंदूची प्रतिमा घेऊन माणसाचा 'संयमांक' ठरवी. पन्नासच्या खाली आलेल्याला चंद्रावर जागा नसे.

"डॉक्टरबाई, आठ दिवसांपूर्वी वरच्या यंत्रानं ब्याण्णव दिले होते हो!"

"आठ दिवस इथलं चापलं असेल," संचालक सरपोतदार हसले. "जिभेवर ताबा नाही, तो झडपांवर काय राहणार?"

हर्षलाबाईंचं डोकंच फिरलं. यंत्रामागचं संशोधन त्यांचं होतं.

"सर, मी हजारो माणसांची सरासरी काढली होती. लठ्ठ मुलांत उतावळेपणा किंचित जास्त, साठीनंतर स्मरणशक्ती किंचित कमी. किंचित! त्यात कारण कुठलं नि परिणाम कुठला, हेही ठाऊक नाही. त्यावरून एकेका माणसाची लायकी ठरवायला कुणी सांगितलं?"

"यंत्र प्रत्यक्ष मेंदू बघतं, मॅडम."

हर्षलाबाईंनी यंत्राचं गणितच उघडलं. मेंदूच्या प्रतिमेचा वाटा चार टक्के. बाकी सगळा निकाल वयावर आणि खुर्चीखालच्या वजनकाट्यावर. शिकता शिकता यंत्रानं सोपी वाट धरली होती.

"बघा! चंद्रावर काट्यानं यांचं वजन सोळा किलो दाखवलं, इथे शहाण्णव. मेंदू तोच आहे!"

दुसऱ्या दिवशी समिती तीन तास बसली. सरपोतदार हात जोडतच बाहेर आले.

"अभिनंदन! मोठी चूक पकडलीत. दुरुस्तीही झाली."

"यंत्र बंद केलंत?"

"छे! चंद्रावरच्या काट्याचा आकडा आता सहानं गुणायचा. वरचे अठरा जण आजच अपात्र ठरले, उद्याच्या यानानं परत येतील. आदेशात संशोधक म्हणून तुमचं नाव घातलंय."

पुष्पलतांनी आदेशातली अठरा जणांची यादी वाचली. त्यांचा चेहरा उतरला.

"यात हवाशुद्धीची सगळीच माणसं आहेत, साहेब."

"नवी तुकडी दोन महिन्यांत पोहोचेल. सगळे सडपातळ."

"आणि तोवर वसाहतीतल्या चारशे जणांनी श्वास रोखून धरायचा? त्याला किती संयमांक लागतो?"

सरपोतदार घड्याळ बघू लागले. हर्षलाबाईंनी त्यांच्या हातातला आदेश ओढून घेतला आणि त्यावरचं आपलं नाव इतक्या जोरात खोडलं, की कागद फाटला.