साडेचार लिटर जास्त

लिफ्ट बंद होती, म्हणून तो आईला पाठुंगळी घेऊन तीन जिने चढला आणि दारातच मला धडकला. टोपीवरचा बर्फ माझ्या रजिस्टरवर सांडला.

"आधी आई, मग माफी," तो धापा टाकत म्हणाला.

नारिन गावच्या इस्पितळात, डायलिसिस विभागात मी पाणी मोजते. हाताला दोन, पायाला दोन चिकटपट्ट्या, त्यांतून जाणवणारही नाही इतकीशी वीज... आणि अंगात पाणी किती जास्त आहे ते पडद्यावर येतं. त्याच्या आईचा, साल्किन आपांचा, आकडा मी दोनदा तपासला. साडेचार लिटर!

"आपा, दिवसाला पिता किती?"

"रोटीची शपथ बाई, अर्धी वाटी चहा!"

मग आठवड्यातून तीनदा तो यायचा. एलदियार.

"यंत्र तुमचं खोटारडं आहे. मला लावून बघा."

"झोपा मग. हलायचं नाही, बोलायचं नाही."

"बघायचं?"

"छताकडे!"

तो कुठला बघतोय छताकडे! घोट्याची पट्टी मीच उलटी चिकटवली... यंत्र अगदी ठणठणीत होतं. तोही.

आपांचं मात्र पाणी काढावं, तर दोन दिवसांत पुन्हा तेवढंच! डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं भरतील, महिनाही निघायचा नाही. एलदियारचं हसू मावळलं. मला जेवण जाईना.

त्या बुधवारी आपांना आडवंही होता येईना, इतका दम. मी ओरडलेच, "खरं सांगा! मरायचंय का तुम्हाला?"

आपा रडायलाच लागल्या. "मरायच्या आधी याचं लग्न नको व्हायला? हा शाळेत शिकवायला गेला, की शेजारणीच्या गाडीतून मुली बघत फिरते गं. दिवसाला पाच-पाच घरं..."

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे चहाची वाटी काठोकाठ भरली, की पाहुण्यानं उठायचं. मान द्यायचा तर अर्धीच ओतायची, पुन्हा पुन्हा. मुलाच्या आईला मान तो किती! नको म्हणावं, तर घराचा अपमान. आपांनी अर्धी वाटी तेवढी मोजली, ती कितीदा भरली ते सोडून दिलं.

एलदियार खाली बसला, आईचे पाय धरून. "आई, आता एकही घर नको. मुलगी मिळालीय."

"कोण रे?"

"तुझ्या पायाला पट्टी लावतेय ती." कान लालबुंद झाले होते त्याचे.

"अहो! मला विचारलंत का?" मी पट्टी हातात धरूनच विचारलं.

"विचारतोय ना... बुरुल, तू—"

"लवकर हो म्हण गं बाई," आपा मधेच म्हणाल्या, "मला श्वास पुरत नाहीये!"

हसावं की रडावं! "हो," म्हटलं, "पण आधी यांचं पाणी काढू."

चार तास मी मशीनपासून हलले नाही. आपांचा श्वास सुरळीत झाला, तेव्हा बाहेर येऊन आईला फोन केला.

"रविवारी मला मागणी घालायला येतायत. चहा टाकू नकोस."

"डोकं फिरलंय का तुझं? मागणी घालायला आलेल्यांना चहा नाही? गावात नाक कापलं जाईल आपलं!"

"जाऊ दे, आई. मला सासू हवीय."