तौवूचं कोण खरं धरणार?

फिजीतल्या सुव्यात पाऊस थांबला की लोक विचारतात, काय बिनसलं बुवा? त्या दिवशी पाऊस होताच. शर्टांच्या कारखान्याच्या दाराशी मी छत्री उघडली, आणि एका उंच माणसानं ती सरळ माझ्या हातातून काढून घेतली!

"अहो! ही काय दादागिरी?"

"पहारेकऱ्याला गाव सांगितलंस ते ऐकलं मी. तुझं गाव नि माझं गाव तौवू. म्हणजे तुझं ते माझं!"

झालं! आम्हा फिजीतल्या माणसांची रीतच ती. एकाच पूर्वजदेवाची गावं ती तौवू; त्या गावच्यांनी एकमेकांची टर उडवावी, वस्तू पळवाव्यात, आणि रागवायचं मात्र नाही. छत्रीखाली त्यानं मलाही घेतलं... ओल्या मातीचा, साबणाचा वास आला.

त्याचं नाव अपोरोसा, कारखान्याचा माल बंदरावर धाडायचा. मी, उनाइसी, विद्यापीठात संशोधक. एका शर्टाचं कापड कुठलं, शिलाई कुठली, आणि नफा शेवटी कुठल्या देशात जातो, याचा माग काढायचे.

"शर्टाच्या मागे लागलीस होय? आतल्या माणसाकडे बघ की जरा!"

मी हसले... जरा जास्तच.

मग काम नसतानाही मी तिथे जाऊ लागले. तो माझ्या डब्यातला कसाव्याचा कंद पळवायचा, वर म्हणायचा, "करपवलास. तरी लग्न करीन हं तुझ्याशी." शिलाईवाल्या खिदळायच्या. मी घरी पत्र्यावरचा पाऊस ऐकत पडायचे — मनापासून म्हणाला असेल का?

अशातच कॅनबेराहून बोलावणं आलं. ज्या नोकरीसाठी मी इतकी वर्षं झटले, तीच.

"जा की," तो म्हणाला. "तिकडे कांगारू बघ एखादा."

माझे डोळेच भरले. "अपोरोसा, एकदा तरी धड बोल ना रे!"

तो तसाच निघून गेला. मला वाटलं, संपलं.

शनिवारी तो आमच्या दारात उभा, सुलू, म्हणजे आमची सणासुदीची लुंगी, नेसून, मान खाली. पुढे त्याचे काका. चटईवर बसून त्यांनी माझ्या वडिलांपुढे देवमाशाचा दात धरला. मागणी घालायला आणतात तो. चेष्टेत तो कुणी आणत नाही.

"पोरगी खुशाल जाऊ दे, नोकरी करू दे, मोठी होऊ दे," काका म्हणाले. "आमचा थांबेल. पण तिच्यासाठी थांबलाय, एवढं आज ठरू द्या."

वडिलांनी वळून पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी दात हातात घेतला.

"आता बोल की काहीतरी!" मी अपोरोसाला म्हटलं.

त्यानं तोंड उघडलं, मिटलं... आणि तो सगळ्यांदेखत ढसाढसा रडला.