चढावर अडखळणारी गाडी

बाकाखाली घरंगळलेला स्क्रू शोधत ती गुडघ्यांवर रांगत होती, आणि नेमका त्याच स्क्रूवर एक बूट येऊन पडला.

"पाय उचला!" ती ओरडली.

बूट झटकन वर गेला. तिने मान वर केली, तर काखेत हेल्मेट धरून एक तरुण एका पायावर डोलत होता.

"मी कोपऱ्यावरचा दातांचा डॉक्टर. पाय खाली ठेवू... की तुमच्याकडे गिऱ्हाईक असंच उभं राहतं?"

तिला हसू फुटलं. पुढचा सगळा घोळ त्या हसण्यापासूनच सुरू झाला.

मामाच्या गॅरेजमध्ये गाडीला लॅपटॉप जोडून इंजिन सुरात आणायचं काम तिचं होतं. डॉक्टरने मोटरसायकलला नवा सायलेन्सर लावला होता आणि तेव्हापासून गाडी कुरकुरत होती. तिने काउंटरवर दोन मॉड्यूल ठेवली, काड्यापेटीएवढी. एक फक्त पेट्रोल किती जावं ते ठरवणारं. दुसरं पेट्रोलही बघणारं आणि ठिणगी कधी पडावी तेही.

"जाता कुठे गाडी घेऊन?"

"डोंगरात. चढ दिसला की मला राहवत नाही."

म्हणजे दुसरंच हवं; चढावर ठिणगीची वेळ चुकली की गाडी अडखळते. पण ते बसवलं की काम फत्ते, मग हा कशाला येतोय पुन्हा! तिने पहिलं पुढे सरकवलं.

"सध्या हे पुरे. काही वाटलं तर... या."

तो आला. पुढच्या रविवारी आला, त्याच्या पुढच्याही. कधी म्हणे आवाज येतो, कधी म्हणे हिसका बसतो. ती लॅपटॉप जोडायची, तो स्टूल ओढून शेजारी बसायचा. त्याची बाही तिच्या बाहीला लागायची, आणि मग दोघंही स्क्रीनवरच्या आकड्यांकडे जरा जास्तच टक लावून बघायची.

"हसलात की तुमचा डावा सुळा दिसतो," तो एकदा म्हणाला.

"का, बिघडलाय?"

"नाही ना! तीच तर पंचाईत आहे."

ती विरघळली, पण तोंडाने म्हणाली काय, तर, "आरपीएम बघा, खाली येतोय."

"याची गाडी एवढी कशी गं बिघडते?" मामाने विचारलं.

"चढावर अडखळते, मामा."

"गाडी?" मामा म्हणाला, आणि ती कानापर्यंत लाल झाली.

मग एकाएकी तो यायचा बंद झाला. बाहेर मोटरसायकल वाजली की हिचा जीव दारात. महिने गेले. आणि एके दिवशी स्वारी हजर, चेहरा नुसता उजळलेला.

"तुमच्या त्या डबीचे उपकार झाले हो! चढावर गाडी बंद पडली. मागून जीप आली, जीपमध्ये जनावरांची डॉक्टर. तिने दोर बांधून मला खालच्या गावापर्यंत आणलं. पुढच्या महिन्यात लग्न आहे आमचं. आता ते दुसरं मॉड्यूल बसवा. मागे ती बसणार, त्या हिशोबाने."

तिने लॅपटॉप उघडला. "अभिनंदन," ती म्हणाली.

काम बिघडवावं असं वाटलं नाही म्हणणं खोटं ठरेल. पण हात चुकला नाही. गॅरेजमागच्या चढावर तिने स्वतः गाडी चालवून पाहिली. इंजिन लोण्यासारखं. किल्ली देताना मात्र तिला राहवेना.

"हे पहिल्याच दिवशी बसवायला हवं होतं. मला माहीत होतं."

"मग?"

"तुम्ही परत यावं म्हणून..."

हेल्मेटचा पट्टा लावणारा त्याचा हात थांबला.

"तेव्हा गाडीला काहीच झालं नव्हतं," तो हळूच म्हणाला. "डोंगरात जाणंच सोडलं होतं मी. रविवारी तर इथे असायचो. आवाज, हिसका— सगळं मनाचं. वाटायचं, कधीतरी तू गाडीखेरीज काही बोलशील. नाही बोललीस. म्हटलं, हिला आपल्या इंजिनशीच मतलब... म्हणून शेवटी एका रविवारी एकटाच डोंगरात निघून गेलो."

इतक्या दिवसांत तो तिला पहिल्यांदा 'तू' म्हणाला होता, आणि आता त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

"ती वाट बघतेय," तो म्हणाला.

"जा मग."

तो गेल्यावर मामा हात पुसत बाहेर आला. "काय गं, आता कधी बोलावलंस त्याला?"

"आता नाही यायचा, मामा," ती म्हणाली. "गाडी नीट केलीय मी." आणि मग तिला रडू आवरेना.