ड्रायव्हर नाही म्हणाला

रुक्मामामी हुडको कॉलनीतल्या कम्प्युटर क्लासात शिरली ती चपला घालूनच. तिनं पदरातून एक झेरॉक्स काढून तिथं शिकवणाऱ्या रमापुढं धरली.

"हे वाच बाई. याच्यावर तुह्या मामाले फासावर चढवून राहिले."

कागदावर एकच ओळ होती: १४:१७, रिक्वेस्ट, ड्रायव्हर रिफ्यूज्ड. मूळ पट्टी ब्लेडनं कापलेली असावी, कारण तिच्या कडांची काळी रेघ झेरॉक्समध्ये उमटली होती. उजवी कड तर शेवटच्या अक्षराला अगदी खेटून होती.

परवा एका खाजगी रोलिंग मिलमध्ये क्रेनची साखळी तुटली आणि खाली उभा असलेला मजूर चंपत लोखंडाखाली चेंगरून मेला. अपघाताचा भोंगा झाला तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. क्रेन चालवत होता रमाचा मामा, कवडू. तो सांगत होता, खाली उभ्या नरहरीसाहेबांनी हात वर केला म्हणून मी उचललं. शिफ्टचे इंजिनीअर नरहरीसाहेब सांगत होते, मी वर केबिनमध्ये होतो, फोनवरून थांब म्हटलं तर ड्रायव्हर नाही म्हणाला, आणि केबिनमधल्या कॅमेऱ्याच्या कम्प्युटरनंच ते टिपलंय, फक्त त्याचं घड्याळ सात मिनिटं पुढं आहे. गरिबाच्या तोंडापेक्षा साहेबाचा कागद मोठा, हे काय नवीन आहे? चार वाजता पोलीस कवडूचा कबुलीवर अंगठा घेणार होते. त्यानंतर नोकरी जाणार होती आणि तुरुंग ठरलेला होता.

रमानं घड्याळ पाहिलं. तीन वाजत आले होते. मिलमधला तो कॅमेरा वर्षापूर्वी तिनंच बसवला होता. ती तशीच निघाली.

मिलच्या ऑफिसात कवडू जमिनीवर बसला होता. दोन दिवसांत माणूस पार वाळून गेला होता.

"मले आठोत नाही रमे," तो म्हणाला. "पण कागदात लिवलं आहे, त मी 'नाही' म्हटलं असन."

दोन दिवस कोंडून ठेवलं की स्वतःच्या आठवणीवरचाही विश्वास उडतो. रमानं तिथं बसलेल्या ठाणेदाराकडं त्याच्या हिंदीत पाच मिनिटं मागितली. कॅमेरा हिनंच बसवलाय म्हटल्यावर तो हो म्हणाला. मग ती नरहरीसाहेबांकडं वळली.

"साहेब, त्या वेळी तुम्ही कुठं होते?"

"केबिनमध्ये. दोनपासून अडीचपर्यंत."

"संगती कोणी होतं?"

"एकटाच होतो."

"मंग कॅमेऱ्याची चित्रं?"

"तेवढ्या वेळाची डिस्कवर खराब झाली."

"मशीन मधात बंद पडलं होतं का?"

"नाही. त्या दिवशी सकाळपासून चालूच होतं. कोणी हातही लावला नाही."

रमानं ठाणेदाराचा शिपाई बरोबर घेतला, वर जाऊन कम्प्युटरचं घड्याळ बरोबर असल्याची खात्री केली, त्या दिवसाची अख्खी नोंद छापून आणली आणि टेबलावर पसरली. तीच ओळ तिथं दोनदा होती. १४:१७ ला होती, तशीच सकाळी ०६:०२ लाही होती.

"सहा वाजता मामा बोरसीत घरी होता. त्याची ड्यूटी आठची," ती म्हणाली. "मंग सकाळी कोणता ड्रायव्हर नाही म्हणाला?"

मग रमानं ठाणेदाराला समजावून सांगितलं. कम्प्युटरात कॅमेऱ्याचं कार्ड असतं आणि ते राबवणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. त्यालाही ड्रायव्हरच म्हणतात. चित्रं जमवणारा प्रोग्रॅम त्याला आधी विचारतो, तुला काय काय जमतं? सेकंदाला पंचवीस चित्रं देशील? हा म्हणतो, नाही, पाचच देईन. बरं, पाच तर पाच. सोयरिकीची बोलणी व्हावीत तसं ते ठरतं आणि मगच काम सुरू होतं. पंचवीस आणि पाच हे आकडे त्याच ओळीत पुढं होते. ज्याला ही ओळ खरोखर क्रेनच्या ड्रायव्हरची वाटली, तो आकडे कशाला कापेल? कापणाऱ्याला सगळं कळत होतं.

"अन् ही बोलणी फक्त मशीन चालू करताना होतात," ती नरहरीसाहेबांना म्हणाली. "मधात कधीच नाही. सकाळपासून चालू असतं त एकदाच झाली असती. भोंग्यानंतर कोणीतरी मशीन बंद केलं, चित्रं पुसली अन् दोन सतराले परत चालू केलं. केबिनमध्ये तुम्ही एकटेच होते. तुम्हीच सांगितलं."

ठाणेदारानं खुर्ची मागं सरकवली. नरहरीसाहेबांनी अख्खा कागद पुन्हा एकदा वाचला.

"चंपत तर मेलाच होता," ते शांतपणे म्हणाले. "चित्रात माझा हात दिसला असता. माझी नोकरी गेल्यानं तो परत आला असता का?"

रमाला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. शिपाई त्यांना घेऊन गेला. ठाणेदारानं कबुलीचा कागद फाडला आणि कवडूला घरी जा म्हणाला.

बाहेर बाकावर चंपतची बायको भागीरथा बसली होती. नवऱ्याला मारणारा कोण, ते बघायला ती सकाळीच आली होती. रमानं तिला सगळं सांगितलं. रुक्मामामीनं कवडूचा हात धरला, पण तो सोडवून घेऊन भागीरथेसमोर खालीच बसला.

"साहेबानं हात वर केला, तवा साखळीची कडी उघडलेली मले दिसून राहिली होती," तो म्हणाला. "खाली चंपत होता, थोही दिसत होता. तरी मी 'नाही' म्हटलं नाही."

भागीरथा त्याच्याकडं बघत राहिली. घरी चला, असं रुक्मामामी तीनदा म्हणाली, पण कवडू तिथून हलला नाही.