लटकलेली विनंती

ऑफिसात तिला सगळे वैदीण म्हणत. रुग्णवाहिका बोलावण्याचं एक अॅप होतं आणि त्याची नाडी बघत बसायचं काम तिचं. कुठे उत्तराला वेळ लागतोय, काय अडतंय, कशाला धाप लागलीय. पूर्वी त्यासाठी आलेखांच्या ढिगाऱ्यात डोळे फोडून घ्यावे लागत. आता एक एआय मदतनीस आला होता. त्याला साध्या बोलीत विचारायचं, की तो देखरेखीच्या यंत्रणेतून आकडे उपसून पुढ्यात मांडायचा.

त्या दुपारी अॅप विकत घेणाऱ्या मंडळींसोबत बैठक होती. शनिवारी सकाळी अॅप काही वेळ आडवं झालं होतं, त्याचा जाब द्यायचा होता. तिने मदतनिसाकडे आठवड्याचे आकडे मागितले. आकडे बरे आले. फक्त तळाशी एक ओळ होती: शनिवारची एक विनंती अजून उत्तराची वाट पाहत आहे.

साहेब मागे उभे राहून वाचत होते. "हे काय लचांड?"

"अडकलेली दिसतेय. पण शनिवारची आज कशी..."

"एकीपायी सगळी सरासरी नासतेय. वगळ की."

या ओळीमागे माणूस आहे, हे बटण कुणी गंमत म्हणून दाबत नाही, एवढं तिने म्हणायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण बाहेर जिन्यावर पाहुण्यांचे बूट वाजायला लागले होते. 'ती विनंती हिशेबातून वगळ,' असं तिने लिहिलं. 'वगळली,' मदतनीस म्हणाला.

बैठक झकास झाली. साहेबांनी चारचौघांत तिचं कौतुक केलं, पाहुण्यांनी माना डोलावल्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणाच्याही नजरेला नजर न देता ती जागेवर येऊन बसली आणि मदतनिसाला पुन्हा विचारलं. विनंती होतीच. वाट पाहण्याचा वेळ तेवढा वाढला होता.

शेजारच्या टेबलावर सर्व्हर सांभाळणारा बसे. त्याला सगळे मामा म्हणत.

"मामा, शनिवारची विनंती आजवर जिवंत राहील का हो?"

"शुद्धीवर आहेस ना? शनिवारी सगळ्या मशीन बदलल्या मी. झाडच तोडलं, आता पाखरू बसणार कशावर?" त्याने वाकून तिच्या पडद्याकडे पाहिलं. "थापा मारतोय तुझा मदतनीस. मूळ नोंद उघड."

तिने उघडली. मूळ नोंदही तेच सांगत होती. मामाने खुर्ची जराशी मागे सरकवली.

तिने विनंतीचे टप्पे मागवले. बटण दाबलं. ठिकाण पाठवलं. उत्तर नाही. बटण पुन्हा दाबलं. बटण पुन्हा दाबलं. पुढे पडदाभर तेच. ती पाहत असतानाच खाली आणखी एक ओळ उमटली.

बटण पुन्हा दाबलं.

कुणाचं ठिकाण उघडून बघायची तिला परवानगी नव्हती. तिने उघडलं. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि गाडी काढली.

शहराच्या कडेची, बैठ्या घरांची गल्ली. उन्हात वाळत घातलेल्या चादरी. दार सत्तरीच्या एका बाईंनी उघडलं.

"मी... त्या रुग्णवाहिकेच्या अॅपच्या ऑफिसातून आलेय."

बाईंचा चेहरा उजळला. रागावल्या असत्या तर तिला सोसलं असतं.

"म्हणजे हाक पोचली होती तर! मला वाटलं, कुणाला कळलंच नाही. मी ह्यांना म्हणत होते, दाबत राहा, येतील ते."

"काका..."

"शनिवारीच गेले. तुमची गाडी निघालीच असणार हो, आमचंच नशीब आखूड. तुम्ही नका वाईट वाटून घेऊ."

त्यांनी पाणी आणून दिलं. गाडी निघालीच नव्हती, हे सांगायला तिने तोंड उघडलं. आणि नुसती मान हलवली.

"तो फोन आहे अजून?"

"आहे की." बाईंनी कपाटाच्या खणातून फोन काढला. तो बंद होता, आतलं कार्डही लेकाने काढून नेलं होतं. पण हातात घेतला तर काच कोमट लागली. खाली, बटणाच्या जागी, अंगठ्याचा ठसा होता.

बाईंनी तो हाताने पुसला. "कितीदा पुसते," त्या म्हणाल्या, "परत उमटतोच."

तिने फोन त्यांच्या हातात ठेवला आणि येते म्हणाली. बाई पायरीपर्यंत आल्या. "आठवणीने आलात, बरं वाटलं."

गाडीत बसून तिने स्वतःच्या फोनवर मदतनिसाला विचारलं, 'ती विनंती?'

'पूर्ण झाली. उत्तर मिळालं.'

'कधी?'

'तुम्ही दारात पोचलात तेव्हा.'

ती ते पुन्हा पुन्हा वाचत राहिली. तेवढ्यात खाली पुढचा टप्पा उमटला.

रुग्ण गाडीत.

तिने घाईघाईने गाडी सुरू केली. पुढ्यात लाल दिवा लागला आणि टिंग टिंग सुरू झालं. मागच्या सीटचा पट्टा लावा.

तिने आरशात पाहिलं. सीट रिकामी होती.

टिंग. टिंग.

"माफ करा, काका," ती पुटपुटली. मोठ्याने म्हणायचीही लाज वाटली.

मागे वळून, हात लांबवून तिने पट्टा ओढला आणि खाचेत अडकवला. आवाज थांबला.

रिकाम्या सीटला लागतो त्यापेक्षा पट्टा हातभर जास्त ओढावा लागला होता.