शेपटीतला उजेड

"आलं. आता कोणी हलू नका," कॅप्टन म्हणाली आणि तिने कॅमेरा डोळ्याला लावला.

विमानतळाच्या कुंपणाबाहेर गवतात तिघं पालथी पडली होती. कॅप्टन म्हणजे सगळ्यांत मोठी मुलगी. तिच्या शेजारी धाकटा भाऊ, त्याच्या न संपणाऱ्या प्रश्नांमुळे घरात त्याला शंकासुरच म्हणत. पलीकडे पडल्या पडल्याच चष्मा पुसणारा मावसभाऊ, ढापण्या. सुट्टीत दोघं भावंडं मावशीकडे आली होती. मावशी विमानतळाच्या मनोऱ्यात वायरलेसवर वैमानिकांशी बोलायची, आणि तिच्या मागच्या अंगणातून धावपट्टी दिसायची.

पिवळं विमान घरघरत डोक्यावरून गेलं. फार पूर्वी सैन्यातले नवे वैमानिक त्यावर उडायला शिकत. त्याच्या जोडीची सगळी विमानं केव्हाच भंगारात गेली होती. हे एक एका वैमानिक काकूंनी आणि त्यांच्या नवऱ्याने भंगारातून उचललं आणि वर्षानुवर्षं खपून जुळवलं. काका आता नव्हते. काकू एकट्याच उडत.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ढापण्याने फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून पाहायला सुरुवात केली आणि तो एकदम थांबला.

"शेपटीत उजेड कसा दिसतोय?"

शेपटीच्या आडव्या पंखाला मागून बिजागऱ्यांनी एक हलती झडप जोडलेली असते. ती वर-खाली झाली की विमानाचं नाक वर-खाली होतं. डाव्या बाजूला पंख आणि झडप यांच्यामध्ये आभाळाची एक बारीक रेघ दिसत होती. उजव्या बाजूला नव्हती.

"तुझा हात हलला असेल," शंकासुर कॅप्टनला म्हणाला.

"हात हलला तर सगळंच हलतं. फक्त डावी बाजू कशी हलेल?"

कॅप्टनने उभ्या विमानाचा जुना फोटो शोधून काढला. त्यात झडप खाली लोंबत होती आणि फटीचा मागमूस नव्हता.

मावशीने दोन्ही फोटो नीट पाहिले आणि लगेच काकूंना फोन लावला. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मेकॅनिकने तपासलंय, मीही हाताने चाचपून बघितलंय," त्या म्हणाल्या. "उन्हामुळे भास झाला असेल पोरांना."

"एका फोटोवर कोणी विश्वास ठेवणार नाही," मावशी फोन ठेवत म्हणाली. "आणखी काढा. आणि तुमचंच चुकत असेल, तर तेही मान्य करायची तयारी ठेवा."

मग तिघं कामालाच लागली. पुढच्या उड्डाणाच्या वेळी कॅप्टन कुंपणाच्या एका टोकाला, ढापण्या मावशीचा कॅमेरा घेऊन दुसऱ्या टोकाला. ऊन समोरून, ऊन पाठीमागून. तुलनेला म्हणून दुसऱ्या एका जुन्या विमानाचेही फोटो घेतले. त्याची शेपटी अगदी ठीक होती. पिवळ्या विमानाची रेघ मात्र प्रत्येक फोटोत होती, डावीकडेच, आणि विमान वर चढताना ती रुंद व्हायची.

"म्हणजे हवेचा जोर आला की झडप मागे ओढली जाते," ढापण्या म्हणाला. "जमिनीवर जोर नाही, म्हणून फट नाही. आणि काकूंना उडताना स्वतःची शेपटी दिसत नाही."

शंकासुरने फोटो बाजूला सारला.

"आपण खरे ठरलो, तर काकूंचं विमान कायमचं बंद करतील का?"

काकांनी त्या विमानाच्या पंखांवर स्वतः कापड ताणून शिवलं होतं, हे मावशीने त्यांना सांगितलं होतं.

"करतीलही," कॅप्टन शेवटी म्हणाली. "पण न सांगता पुढचा फोटो काढायला माझा हात धजणार नाही."

तिघं फोटो घेऊन गेली तेव्हा विमानतळाचे व्यवस्थापक जुन्या विमानांच्या मेळ्याच्या गडबडीत होते. कानाला फोन लावूनच त्यांनी फोटोंवरून नजर फिरवली. "कागदावर सगळी तपासणी झालेली आहे. काकूंना उगाच घाबरवू नका. आणि मेळा होईपर्यंत विमानांजवळ फिरकायचं नाही."

तिघं बाहेर आली. दारावरच मेळ्याची जाहिरात होती: मेळ्याच्या तंबूत विमानांच्या छायाचित्रांची स्पर्धा, परीक्षक वैमानिक काकू, निकाल त्यांच्या उड्डाणाआधी.

ढापण्याने चष्मा नाकावर सरकवला. "विमानांजवळ जायचं नाही म्हणाले. तंबूत जायचं नाही, असं कुठे म्हणाले?"

तिघांनी शेपटीचे फोटो भलेमोठे छापून घेतले आणि स्पर्धेसाठी नेऊन दिले. व्यवस्थापकांनी गठ्ठा न पाहताच ठेवून घेतला. मेळ्याच्या सकाळी ते फोटो तंबूत ओळीने टांगलेले होते. खाली कॅप्टनच्या अक्षरात एकच ओळ होती: 'डावीकडे पाहा.'

काकू ढगांतली विमानं, सूर्यास्तातली विमानं पाहत पुढे सरकत होत्या. या फोटोंपाशी त्या थबकल्या. चष्मा लावून प्रत्येक फोटोसमोर उभ्या राहिल्या. मग पुन्हा पहिल्यावर आल्या.

"हे कोणी काढले?"

"आम्ही. फोनवर तुम्हाला भास वाटला होता, तोच हा," कॅप्टन म्हणाली.

"बाई, लोक ताटकळलेत," व्यवस्थापक लगबगीने आले.

"ताटकळू देत. मेकॅनिकला बोलवा."

काकूंनी विमानापाशी जाऊन शेपटीची डावी झडप दोन्ही हातांनी धरून मागे ओढली. काहीच झालं नाही. मग त्यांनी ती वर उचलली आणि मेकॅनिकला सगळं अंग टाकून ओढायला लावलं. आतून बारीकसा कट्ट आवाज आला आणि मधल्या बिजागरीपाशी उजेड दिसला. मेकॅनिकने वरचा पत्रा उघडला. बिजागरीची खीळ झिजून सुतळीएवढी उरली होती. पत्रा न काढताच मी तपासलं, हे त्याने खाली मान घालून कबूल केलं.

काकू गवतावरच बसल्या. "आज मी गिरक्या घेणार होते," त्या हळूच म्हणाल्या.

उड्डाण रद्द झालं. कारण लोकांना स्वतः काकूंनीच सांगितलं, शेजारी तिघांना उभं करून. टाळ्या वाजल्या तेव्हा शंकासुर मात्र विमानाकडेच बघत होता. "रागावलात का?" त्याने विचारलं.

"रागावले होते, थोडा वेळ. स्वतःवर," काकू म्हणाल्या. "हे विमान म्हातारं आहे रे. त्याला कौतुक करणारे खूप मिळतात. निरखून बघणारे फार कमी."

नवी खीळ घडवून, बसवून, दुसऱ्या तज्ज्ञाकडून सगळं विमान तपासून होईपर्यंत सुट्टी संपत आली. जाण्याच्या आदल्या दिवशी मावशीने तिघांना मनोऱ्यात बोलावलं. व्यवस्थापकही तिथे होते. त्यांनी मुकाट्याने खिडकीजवळची जागा रिकामी करून दिली.

पिवळं विमान उडालं, वळलं आणि मनोऱ्यासमोरून गेलं. कॅप्टनने भराभर फोटो घेतले. वायरलेस खरखरला.

"मनोरा, छायाचित्रकारांना विचारा. पुढची फेरी मारू का?"

मावशीने माईक कॅप्टनपुढे धरला. कॅप्टनने फोटो मोठा केला. डावी बाजू पाहिली, उजवी पाहिली, पुन्हा डावी पाहिली. तिला कोणी घाई केली नाही. बाहेर काकू आभाळात गोल घिरट्या घालत थांबल्या होत्या.

"मारा, काकू," ती म्हणाली. "शेपटी ठीक आहे."